आधी वाळलेलं पान

वीटभट्टी मागे पडली तेव्हा मामांनी पिशवीचा खांदा पुन्हा एकदा बदलला. भाचीने हात पुढे केला, तसे ते अर्धं पाऊल बाजूला सरकले.

“द्या ना इकडे. मी काय पळवून नेणार आहे का?”

“जड नाहीये.”

“मग सारखा खांदा का बदलताय?”

मामा दोन पावलं पुढे झाले. कालव्याच्या भरावावरची वाट सरळसोट होती. डावीकडे पाणी, उजवीकडे खाली उतरलेली शेतं. दोन तास झाले होते चालून आणि तेवढंच अजून बाकी होतं. सकाळी घरातून निघताना भाची म्हणालीही होती, की मामा, तुमचं वय चौऱ्याहत्तर, माझे गुडघे हे असे, पलीकडच्या रस्त्याने बस जाते, अर्ध्या तासात पोचू. तेव्हा मामा चपला घालता घालता एवढंच म्हणाले होते, “लवकर पोचायचं नाहीये मला.”

कुणाकडे जायचं ते त्यांनी सांगितलं होतं. गिरणीवाल्या बाईंकडे. पूर्वी त्या मामांच्याच गल्लीत राहायच्या. नवरा गेल्यावर काही वर्षं त्यांनी एकटीने गिरणी चालवली, मग लेकीच्या गावी गेल्या आणि तिथे दुसरी गिरणी टाकली. त्यांच्याकडे का जायचं, ते मात्र मामा सांगेनात. आणि भाचीला कालपासून आतून काहीतरी टोचत होतं. मामा काल संध्याकाळी आले ते पिशवी मांडीवर घेऊनच बसले. चहासुद्धा एका हाताने प्यायले.

मामांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो बाहेरही काढला नाही. वाजून वाजून थांबला, आणि दहा पावलांवर पुन्हा वाजायला लागला.

“मामीचा असेल. घ्या की.”

“मामीचा नाहीये,” मामा म्हणाले आणि चालत राहिले.

मामा दप्तरखान्यात बाइंडर होते. सदतीस वर्षं. भाची लहानपणी शाळा सुटली की तिथे जाऊन बसायची. मागच्या अंगाला, उत्तरेकडे खिडकी असलेली लांबट खोली. भिंतीला लागून वह्या दाबायचा लोखंडी शिकंजा, टेबलावर दाभण, सुया, मेण लावलेला दोरा, आणि पितळी पातेल्यात खळ. त्या खळीला मोरचुदाचा निळसर रंग असायचा. “बोट तोंडात घालू नकोस, मरशील,” हे मामांचं स्वागताचं वाक्य. मोरचूद घातला की कागदाला पुन्हा कसर लागत नाही. पीठ मात्र गिरणीवाल्यांकडचंच, दोनदा चाळलेलं. दुसरीकडच्या पिठाला गुठळ्या होतात, असं मामांचं म्हणणं.

त्यांचा उजवा अंगठा दाबून दाबून चपटा झाला होता. पान उलटताना बोटाला थुंकी लावणारा माणूस दिसला की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. आणि कडा! जगातली कुठलीही थप्पी त्यांना एकसारखी लागायची. लग्नात आहेराच्या पाकिटांची चळत ठोकून ठोकून सरळ करताना लोकांनी त्यांना पाहिलेलं. मामी म्हणायची, “माझं लग्न माणसाशी नाही, शिकंजाशी लागलंय. एकदा दाबलं की सोडायचं नाव नाही.”

एवढी जुनी दप्तरं हाताखालून गेली, पण मामांनी त्यातली ओळही कधी वाचली नाही. भाचीने एकदा विचारलं होतं, राजे-लढाया सगळं यात लिहिलंय, तुम्हाला वाचावंसं वाटत नाही? तर म्हणाले, “बाइंडरने वाचायचं नसतं. वाचत बसला की खळ सुकते.”

लढाईचं वेड भाचीला होतं, आणि त्याला कारण होता चौकातला दगड. पाच पिढ्यांमागे शहराला वेढा पडला होता. उत्तरेकडचा दरवाजा राखायला जी माणसं नेमली होती, त्यांतली जी दरवाजातच कापली गेली त्यांची नावं त्या दगडावर होती. वरून नववं नाव मामांच्या खापरपणजोबांचं, म्हणजे भाचीच्या आजोळचं. दगड बसवला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. शाळेत जाता-येता त्या नावाच्या खोबणीतून बोट फिरवायची. पुढे ती त्याच शाळेत शिक्षिका झाली आणि दरवर्षी पाचवीच्या पोरांना रांगेने तिथे नेऊन सांगू लागली, की बघा, पळून जाता येत होतं, तरी हा माणूस जागचा हलला नाही. पोरं एकमेकांना कोपराने ढोसायची, बाई आता रडणार म्हणून.

“मी मागच्या वर्षी पुन्हा दप्तरखान्यात गेलो होतो,” मामा एकदम म्हणाले. “तुझ्यासाठीच गेलो होतो.”

“माझ्यासाठी?”

“तू म्हणाली होतीस ना, दगडावर नुसतं नाव आहे, वहीत आणखी काही असेल. वय, बापाचं नाव, हुद्दा. म्हटलं बघावं. आत सोडतात मला, त्या पोरांना मीच शिकवलंय. वही काढून दिली. मीच बांधलेली. अडतीस वर्षांपूर्वी, दगड बसवायच्या थोडं आधी. आयुष्यात पहिल्यांदा मी ती वाचायला उघडली.”

“मग? होतं काही?”

“होतं.” मामांनी पिशवीचा बंद आवळला. “पान मी खिडकीशी धरलं. सवय. कागद उजेडात धरल्याशिवाय मला दिसतच नाही.”

वाटेत एक बगळा बसला होता. माणसं एवढी जवळ आली तरी उडेना. मामा त्याला वळसा घालून गेले, आणि कोणी ऐकू नये अशा बेताने हळू आवाजात सांगू लागले.

त्या वहीत दरवाजावरच्या माणसांच्या दोन याद्या होत्या, एकीमागे एक. पहिली दरवाजात पडलेल्यांची. दुसरी, पहाटे दरवाजा उघडा टाकून निघून गेलेल्यांची. प्रत्येक यादी दोन पानांची. मथळा फक्त पहिल्या पानावर, दुसऱ्यावर नुसती नावं. वही मामांकडे आली तेव्हा सगळी पानं सुटी झालेली, कसरीने खाल्लेली, कडा कुरतडलेल्या. पानांचे आकडे खालच्या कोपऱ्यात होते. मामांनी पानं धुतली, फळ्यांवर वाळत घातली, आणि कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून चारही बाजूंनी बोटभर कापली.

“आकडे गेले,” भाची म्हणाली.

“आकडे गेले. तोवर वाटत होतं, क्रम माझ्या ध्यानात आहे. पण फळीवरून उचलताना जे पान आधी वाळलं ते आधी हाताला आलं. पातळ कागद आधी वाळतो. तेवढंच. दुसरं काही नाही, तुझ्या गळ्याशपथ. जे पान आधी वाळलं ते मी पहिल्या मथळ्यामागे लावलं.”

भाची म्हणाली, “पण कशावरून ते चुकलं?”

“कसर वाचत नाही ना. ती सरळ जाते. पहिल्या मथळ्याच्या पानाला कोपऱ्याशी दोन भोकं आहेत, शेजारी शेजारी, डोळ्यांसारखी. त्याच्यामागे मी लावलेल्या पानाला तिथे भोक नाही. कोरं. आणि ती दोन भोकं, तश्शीच, पुढे दुसऱ्या यादीत, मागच्या पानाला आहेत. मी मोरचूद घातल्यावर त्या वहीला एक नवं भोक पडलेलं नाही. जी आहेत ती सगळी माझ्या आधीची.” त्यांनी पिशवीवर हात ठेवला. “दुसऱ्या मथळ्याला मधोमध एक लांबट भोक आहे. तेच भोक आपल्या पानाला आहे. आपल्या माणसाच्या नावाला लागून गेलंय. नावाच्या आणि वयाच्या बरोबर मधून.”

पाण्याचा आवाज तोवर येत होता की नव्हता, भाचीला आठवेना. आता मात्र मुळीच येत नव्हता. तिला चौकातल्या खोबणीचा गारवा बोटाच्या टोकाला जाणवला. सव्वीस वर्षं पाचवीचे वर्ग तिने त्या दगडापुढे उभे केले होते.

“म्हणजे आपला माणूस…”

“निघून गेलेला. आणि जे पान मी त्याच्या जागी मागे ढकललं, त्यावरची माणसं दरवाजात पडलेली. त्यातल्या बाकीच्यांचं कोणी गावात उरलेलं नव्हतं. एकाच घराचं होतं.”

कोणाचं ते भाचीला विचारावं लागलं नाही. तिला ते सगळं लख्ख आठवत होतं.

गिरणीवाले उंच, हसतमुख, भुवयांवर कायम पीठ. आपला पूर्वज दरवाजात पडला, असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. दगडावरचं कापड काढलं त्या दिवशी ते नवा सदरा घालून पहिल्या रांगेत उभे होते. वरून खाली, खालून वर नावं वाचली. नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी दप्तरखान्यात गेले. तिथे कारकुनाने वही उघडून बोट ठेवून दाखवलं, हे बघा तुमचं नाव, पण या यादीत. आठवड्याच्या आत गावभर झालं. ते रस्त्याने दिसले की कोणीतरी ओरडायचं, “अहो, दार लावून घ्या, गिरणीवाले आले!” आणि सगळी हसायची. मारामारी नाही, वाळीत टाकणं नाही. नुसतं हसणं. तीन वर्षं. मग एका सकाळी त्यांच्या चपला कालव्याच्या झडपांपाशी मिळाल्या, एकीशेजारी एक, नीट ठेवलेल्या.

फोन पुन्हा वाजला.

“कोणाचा आहे तो? मामा, खरं सांगा.”

“अधीक्षकांचा. वर्षभर धीर झाला नाही, परवा त्यांना सांगितलं. पानं दाखवली, भोकं दाखवली. ते म्हणाले, ‘काका, दोन भोकांवरून मी चौकातला दगड फोडू का? पुढच्या आठवड्यात सगळ्या पानांचे फोटो निघतायत, मग वही कायमची पेटीत. घरी जा, झोप काढा.’ म्हटलं बरं. आणि काल दुपारी शिवण उसवून चारही पानं घेऊन आलो.”

भाची उभीच राहिली. “चोरून?”

“मी बांधली होती, मीच सोडली.”

“अहो, सरकारी वही ती! तुम्हाला आत टाकतील. पेन्शन बंद करतील. मामीचं काय? परत फिरा. आत्ताच्या आत्ता. अजून कोणाला कळलं नसेल.”

“कळलंय. म्हणून तर वाजतोय.” मामा वाटेवर पुढे बघत होते, तिच्याकडे नाही. “चल. ऊन चढतंय.”

भाची चालू लागली, कारण त्यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. मनात देवाचं नाव घेत होती, पण दर चार पावलांनी ते सुटायचं आणि त्या जागी दुसरंच येऊन बसायचं. एवढी वर्षं झाली. कोणाला काय मिळणार? मेलेला माणूस उठून येणार आहे का? आई अजून आहे, तिला काय सांगायचं? उद्या पोरं विचारतील, बाई, नववं नाव कुठे गेलं?

झडपा आल्या. सिमेंटचा अरुंद पूल, गंजलेली चाकं, खाली पाणी अडून काळंभोर झालेलं. त्यावर तरंगणारा पालापाचोळा एकाच जागी सावकाश गोल फिरत होता. मामा पुलाच्या तोंडाशी थांबले.

“दार लावून घ्या, हे पहिल्यांदा कोण म्हणालं ठाऊक आहे तुला?”

“कोणीतरी टवाळ असेल.”

“मी. दप्तरखान्यात. ते वही बघून निघाले, कारकून गप्प, मीही होतो तिथे. हवेतला ताण कमी करावा म्हणून म्हणालो. सगळे हसले. तेसुद्धा हसले. मला वाटलं, चला, हलकं झालं.” मामांनी पिशवी खांद्यावरून काढली आणि, सकाळपासून पहिल्यांदाच, तिच्या हातात दिली. “धर जरा. तोंड धुऊन येतो.”

ते कठडा धरत पायऱ्या उतरले. पाठ तिच्याकडे. पाण्याशी बसले, ओंजळ भरली, तोंडावर मारली, पुन्हा भरली. फार वेळ लावत होते.

पिशवीत पुठ्ठ्याच्या दोन फळ्या होत्या, दोऱ्याने बांधलेल्या. वजन काहीच नव्हतं. भाची कठड्याशी गेली. हात लांब केला असता तर पुरे होतं. पडली म्हणता आलं असतं. चार पानं पाण्यात जातील, मोरचुदाची खळ विरघळेल, आणि दगड जागच्या जागी राहील, नऊ नंबरला तेच नाव, उद्या, परवा, पुढच्या वर्षी. तिचे हात कठड्यापलीकडे गेलेही होते. तेव्हा खाली पाहिलं तर पाचोळा अजून तिथेच गोल फिरत होता, आणि पुलाच्या कडेला, दगडावर, तिच्या स्वतःच्या चपला होत्या. चालून पाय भाजले म्हणून तिनेच काढून ठेवलेल्या. एकीशेजारी एक.

देवाने मनगट धरलं की त्या चपलांनी, ते तिला आजही सांगता येत नाही. ती मागे सरली आणि पिशवी छातीशी धरून मट्‌कन खाली बसली.

मामा वर आले. तोंड पुसलं. आधी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“आहे होय अजून?”

“म्हणजे?”

“टाकली असतीस तर मी काही बोललो नसतो. तेवढ्यासाठीच उतरलो होतो खाली. म्हटलं, नाव तिचंही आहे. तिलाही एकदा संधी द्यावी.”

“तुम्ही ना मामा…” तिला हुंदका आला आणि रागही. “चौऱ्याहत्तर वर्षांचे झालात, पण…”

“शिकंजा आहे मी. मामी सांगते ना.” ते हसले नाहीत. “ऊठ. चपला घाल.”

उरलेली वाट दोघं चालत राहिली. फोन दोनदा वाजला आणि मग बंदच पडला. ते जास्त वाईट वाटलं. मागून एक मोटरसायकल आली तेव्हा दोघंही एकदम वळली. खतांची पोती घेऊन कोणी शेतकरी चालला होता. त्याने हात केला. मामांचा हात पिशवीवरच राहिला.

गाव लागण्याआधी गिरणी ऐकू आली. सुपारीसारखं काहीतरी कडकड फुटल्याचा आवाज आणि त्याखाली पट्ट्याची घरघर. गिरणी रस्त्याकडेलाच होती. दार, उंबरा, शेजारचं झाड, सगळ्यावर पिठाचा पांढरा थर. भाचीला एकदम वाटलं, इथे आपली पावलं उठतील आणि राहतील.

गिरणीवाल्या बाई आत पत्र्याच्या डब्यात पीठ घेत होत्या. बारीक अंग, डोक्याला फडकं, भुवया पांढऱ्या. वयाने की पिठाने ते कळत नव्हतं. त्यांनी मान वर करून पाहिलं, ओळख पटायला क्षणभर लागला आणि तोंडभर हसल्या.

“अगंबाई! बाइंडर! खळीला पीठ हवं म्हणून एवढ्या लांब आलात? आता तर तुम्ही रिटायर ना?” मग भाचीकडे बघत, “ही ती, टेबलाखाली बसायची ती? केवढी झाली! या, या, बसा. ओट्यावर पीठ आहे, झटकून बसा. पाणी आणते.”

“पाणी नको,” मामा म्हणाले. “आधी बोलायचंय. मग पाणी द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

बाईंचं हसू उतरलं नाही, पण आहे तिथे थांबलं. “आवाजात काही ऐकू येत नाही मला. थांबा, बंद करते,” म्हणत त्या मागे वळल्या आणि बटण खाली ओढलं. पट्टा एकदम थांबला नाही. फटफट करत, एकेक फेरी सावकाश होत फिरत राहिला. त्या तिथेच, एक हात भिंतीला लावून, तो थांबायची वाट पाहत उभ्या राहिल्या. त्यांची पाठ ताठ होती. का कोण जाणे, भाचीला वाटलं, ही बाई गेली पस्तीस वर्षं कोणीतरी येऊन काहीतरी सांगायची वाट पाहत असावी, आणि आता ते ऐकायला नको असावं.

मामा ओट्यावर बसले. दोऱ्याची गाठ सोडली, वरची फळी बाजूला केली. चार पानं, पिवळी, चारही कडा सुरेख एकसारख्या. पहिल्या मथळ्यामागे त्यांनी आता बरोबर पान ठेवलं होतं. दोन भोकांतून खालचा पुठ्ठा दिसत होता. मामांनी पान उचललं आणि ते त्यांच्या हातात फडफडू लागलं. वारा नव्हता. सदतीस वर्षं ज्या हातात कागदाने कधी आवाज केला नाही, त्या हातात ते पान वाजत होतं. त्यांनी ते परत खाली ठेवलं, ठोकून सरळ करायला गेले, आणि हात आवरला.

पट्टा थांबला. बाई वळल्या.

“मास्तरीणबाई,” मामा हळूच म्हणाले. लहानपणी चिडवायचे तसं नाही. त्यांनी चारही पानं उचलून भाचीपुढे धरली. “माझ्याच्याने होणार नाही. तू वाच. वर्गात हजेरी घेतेस तशी. मथळ्यापासून, सावकाश. आधी त्यांच्या माणसाची यादी, मग आपली. आणि आपलं नाव आलं की आवाज खाली आणू नकोस, पटकन पुढेही जाऊ नकोस. तिथे थांब. हजर म्हणायला मी आहे.”